थोर खेळाडू जॅकी रॉबिन्सन

(इयत्ता चौथी)



आपल्या भित्तिपत्रकात दर वेळी कोणातरी थोर माणसाचे चरित्र असते. या खेपेला माझी पाळी आली. मी अमेरिकेतल्या जॅकी रॉबिन्सन या खेळाडूचे चरित्र लिहिणार आहे. ते बेसबॉल खेळायचे. वर्गात सगळे म्हणाले की बेसबॉल कोणाला माहीत आहे, त्यापेक्षा क्रिकेटवाल्याचं लिही. पण गुरुजींनी एकदा प्रार्थनेनंतर यांची गोष्ट सांगितली होती. ती ऐकून मला त्या रात्री झोप लागली नाही, नुसता राग येत होता. म्हणून मी यांचेच लिहायचे ठरवले. गुरुजींनी मला चार कागद दिले आहेत. बाकीच्यांना दोनच दिले.

आधी खेळ सांगतो, नाहीतर पुढचे काही कळणार नाही. बेसबॉलमध्ये एका बाजूला नऊ गडी असतात. मैदानावर एक चौकोन आखतात, पण तो तिरपा असतो, पतंगासारखा. त्याला चार कोपरे. एका कोपऱ्यापासून दुसरा कोपरा ९० फूट लांब. कोपऱ्याला बेस म्हणतात. ज्या कोपऱ्याशी उभे राहून चेंडू मारतात त्याला घर म्हणतात. दांडू मुसळासारखा गोल असतो, क्रिकेटच्या बॅटीसारखा चपटा नसतो. चेंडू टप्पा न पडता सरळ येतो. चेंडू मारला की पळायचे, पहिला बेस, दुसरा बेस, तिसरा बेस आणि परत घर. घरी पोचलो की एक धाव झाली.

यात बेस चोरणे म्हणून एक गंमत आहे. चोरणे म्हणजे खरी चोरी नाही. चेंडू टाकणाऱ्याची नजर चुकवून पुढच्या बेसकडे पळत सुटायचे. आपण आट्यापाट्यात पाटीवरच्या गड्याला हूल देतो ना, तसेच. सगळ्यात अवघड म्हणजे घर चोरणे. कारण घराजवळ झेलणारा गडी बसलेलाच असतो आणि चेंडूही तिकडेच येत असतो. गुरुजींनी आम्हाला पटांगणात चुन्याने आखून दिले होते. ९० फूट मावेना, म्हणून ४० फूट घेतले. मी तीनदा घर चोरायला गेलो आणि तिन्ही वेळा बाद झालो, वर गुडघा फुटला तो वेगळाच. जॅकी रॉबिन्सन यांनी मोठ्या सामन्यांत १९ वेळा घर चोरले आहे.

आता चरित्र सुरू करतो.

जॅकी रॉबिन्सन यांचा जन्म ३१ जानेवारी १९१९ रोजी अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या केरो गावी झाला. आईचे नाव मॅली. आईवडील दुसऱ्याच्या शेतात वाट्याने राबायचे. पाच भावंडांत जॅकी धाकटा. ते लोक काळे होते. अमेरिकेत पूर्वी काळ्या लोकांना गुलाम करून ठेवत. १८६५ साली गुलामी बंद झाली, पण त्यानंतरही गोरे लोक त्यांना बरोबरीने वागवत नव्हते. दक्षिणेकडच्या राज्यांत तर शाळा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा, बसमध्ये बसायची जागा पण मागची. आपल्याकडे चवदार तळ्याची गोष्ट माहीत आहे त्यांना हे लगेच कळेल.

जॅकी एक-दीड वर्षाचा असताना वडील घर सोडून गेले. मग आईने पाचही मुलांना घेतले आणि रेल्वेने पार दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात पॅसाडेना गावी गेली. तिथे ती गोऱ्या लोकांच्या घरी धुणी आणि घरकाम करायची. घरी लहान जॅकीला कोण सांभाळणार? म्हणून त्याची बहीण विला मे त्याला आपल्याबरोबर शाळेत न्यायची. ती वर्गात बसायची आणि जॅकी बाहेर वाळूत खेळत बसायचा. शाळा सुटली की ती त्याला घेऊन घरी. हे मला लई आवडले, कारण आपल्या वर्गात पण दोघी-तिघी धाकट्या भावाला घेऊन येतात आणि तो व्हरांड्यात बसतो. त्यांनी उगीच लाजू नये.

पॅसाडेनात त्यांची गल्ली गोऱ्या लोकांची होती. शेजाऱ्यांना ते नको होते. एकदा जॅकी आठेक वर्षांचा असताना अंगणात झाडत होता, तेव्हा समोरच्या घरातली मुलगी त्याला त्याच्या रंगावरून वाईट बोलली. जॅकीने पण उलट ऐकवले. तर तिचा बाप बाहेर आला आणि एवढा मोठा माणूस असून त्याने जॅकीला दगड मारायला सुरुवात केली. मग जॅकीनेही दगड मारले. शेवटी त्या माणसाच्या बायकोने बाहेर येऊन नवऱ्याला थांबवले. ही दगडाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या गावात पोहायचा एक मोठा तलाव होता. काळ्या मुलांना तिथे आठवड्यातून एकच दिवस जाऊ देत. जॅकीला पोहणे कधी नीट आलेच नाही.

पण बाकी कुठलाही खेळ असो, जॅकी पुढे. त्याचा मोठा भाऊ मॅक तर १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये २०० मीटर धावण्यात दुसरा आला. पहिला आला तो जेसी ओवेन्स. मॅकला रुप्याचे पदक मिळाले. आता तुम्हाला वाटेल की गावात त्याची मिरवणूक निघाली असेल. तसं काही नाही. मॅकला गावात रस्ते झाडायचे काम मिळाले. ऑलिंपिकचा कोट अंगात घालून तो रस्ते झाडायचा.

जॅकी पुढे लॉस एंजलिसच्या विद्यापीठात गेला. तिथे तो बेसबॉल, बास्केटबॉल, फुटबॉल आणि मैदानी खेळ अशा चारही खेळांत विद्यापीठाकडून खेळला. त्या विद्यापीठात असे चार खेळांत नाव मिळवणारा तो पहिलाच. (त्यांचा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. तो लांबट चेंडू हातात घेऊन पळतात.) १९४० साली लांब उडीत तो सगळ्या अमेरिकेतल्या कॉलेजांत पहिला आला. तिथेच त्याची रेचेल नावाच्या मुलीशी ओळख झाली. ती नर्सचे शिक्षण घेत होती. १९४६ साली त्यांचे लग्न झाले.

इथून पुढे मी त्यांना अहो-जाहो लिहितो, कारण ते आता मोठे झाले.

दुसऱ्या महायुद्धात जॅकींना सैन्यात जावे लागले. १९४३ साली ते अधिकारी झाले. ६ जुलै १९४४ रोजी टेक्सास राज्यात सैन्याच्या छावणीतल्या बसमध्ये ते बसले होते. ड्रायव्हरने त्यांना उठून मागे जायला सांगितले. ते उठले नाहीत. सैन्याच्या बसमध्ये असा भेद करायचा नाही असा नियम झाला होता, तो त्यांना माहीत होता. तरी त्यांच्यावरच सैन्याच्या कोर्टात खटला भरला. पण ते निर्दोष सुटले. म्हणजे बघा, हा माणूस गप्प बसणारा नव्हता. लहानपणी दगडाला दगड, मोठेपणी कोर्ट झाले तरी जागा सोडली नाही.

तेव्हा अमेरिकेत बेसबॉलच्या मोठ्या संघांत फक्त गोरे खेळत. १८८४ साली मोझेस फ्लीटवूड वॉकर नावाचे एक काळे गृहस्थ खेळले होते. त्यानंतर साठ वर्षांपेक्षा जास्त काळ एकाही काळ्या माणसाला घेतले नाही. तसा लेखी नियम पण नव्हता, सगळ्यांनी मिळून दार लावून घेतले होते. काळ्या लोकांनी आपले वेगळे संघ काढले. त्यांत एकापेक्षा एक खेळाडू होते. जॉश गिब्सन नावाचे एक होते, ते फार लांब चेंडू मारायचे. पण मोठ्या संघात खेळायला मिळायच्या आधीच, जानेवारी १९४७ मध्ये ते वारले. फक्त तीन महिने आधी. मला याचं फार वाईट वाटलं.

१९४५ साली जॅकी कॅन्सस सिटीच्या मोनार्क्स या काळ्यांच्या संघात खेळत होते. तेव्हा न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन डॉजर्स संघाचे अध्यक्ष ब्रँच रिकी यांनी त्यांना बोलावले. रिकी गोरे होते. ते तरुणपणी एका कॉलेजच्या संघाला शिकवायचे. त्या संघात एकच काळा मुलगा होता. रिकी सांगत की एकदा गावाला गेल्यावर हॉटेलवाल्याने त्या मुलाला खोली दिली नाही. तेव्हा तो मुलगा रडत आपल्या हाताची कातडी खरवडत बसला, रंग निघून जावा म्हणून. हे रिकी चाळीस वर्षे विसरले नाहीत. गुरुजी म्हणाले की रिकींना सामने पण जिंकायचे होते आणि तिकिटे पण खपवायची होती, ते पण खरे आहे.

२८ ऑगस्ट १९४५ रोजी दोघे भेटले. भेट तीन तास चालली. रिकी यांनी त्या तीन तासांत काय केले, तर नाटक केले. एकदा खोली नाकारणारा हॉटेलवाला झाले, एकदा शिव्या देणारा खेळाडू झाले, एकदा तर जॅकींच्या तोंडासमोर मूठ उगारली. असे तुला रोज होईल, तेव्हा काय करशील, असे त्यांना बघायचे होते. जॅकींना वाटले की यांना भित्रा माणूस हवा आहे का? रिकींनी सांगितले की भित्रा नको, उलट न मारण्याची हिंमत असलेला पाहिजे. कारण जॅकींनी एक जरी ठोसा मारला असता, तरी सगळे म्हणाले असते की बघा, आम्ही सांगत होतो, यांना घेऊ नका. आणि दार परत बंद. जॅकींनी कबूल केले. सुरुवातीची वर्षे कोणी काहीही बोलले, मारले, तरी उलट करायचे नाही.

आमच्या घरी मी हे वाचून दाखवले तर आजी म्हणाली की शहाणा माणूस होता. आजोबा म्हणाले की गप्प बसायला का सांगायचं, ज्यांनी शिव्या दिल्या त्यांना गप्प करायचं की. मला आजोबांचे पटते. पण मग रिकींचे पण पटते. मला विटीदांडूत कोणी रडी केली तर मी लगेच अंगावर जातो, मला एक दिवस पण जमले नसते.

पहिले वर्ष, म्हणजे १९४६ साली, त्यांना कॅनडातल्या माँट्रिऑलच्या संघात ठेवले. हा ब्रुकलिनचा खालचा संघ. १८ एप्रिलला पहिला सामना झाला. जॅकींनी पाचपैकी चार वेळा यशस्वी मारा केला, दोन बेस चोरले आणि एक चेंडू तर मैदानाच्या कुंपणापलीकडे मारला. त्यांचा संघ १४ विरुद्ध १ असा जिंकला. माँट्रिऑलची माणसे चांगली होती. पण दक्षिणेत सरावाला गेले तेव्हा एका गावाने त्यांना हाकलले, एका गावाने मैदानाला कुलूपच लावले. त्या वर्षी जॅकींना झोप येईना, अन्न जाईना. डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितली. पेपरात फक्त धावा येतात, हे येत नाही. तरी वर्षाच्या शेवटी त्यांच्या संघाने मोठी स्पर्धा जिंकली, आणि लोक त्यांना मिठ्या मारायला रस्त्यातून त्यांच्या मागे धावले.

मग तो दिवस आला. १५ एप्रिल १९४७, ब्रुकलिनचे एबेट्स फील्ड मैदान. २६,६२३ माणसे आली होती, त्यांतली निम्म्याहून जास्त काळी होती. जॅकी ४२ नंबरचा शर्ट घालून पहिल्या बेसवर उभे राहिले. त्या दिवशी त्यांना एकही चेंडू नीट मारता आला नाही. पण एक धाव त्यांनी काढली आणि ब्रुकलिनने बोस्टनला ५ विरुद्ध ३ असे हरवले. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं की पहिल्याच दिवशी काहीतरी जोरदार केलं असेल. पण नाही केलं, तर नाही केलं. चरित्रात खोटे लिहू नये.

त्यांच्याच संघातल्या काही खेळाडूंनी आधी अर्ज काढला होता की आम्हाला यांच्याबरोबर खेळायचे नाही. तो अर्ज संघवाल्यांनी मोडून काढला. पुढच्या आठवड्यात फिलाडेल्फियाचा संघ आला. त्यांचे मॅनेजर बेन चॅपमन आणि त्यांचे खेळाडू बाकावर बसून जॅकींना इतक्या घाण शिव्या देत होते की त्या इथे लिहिता येत नाहीत. जॅकींनी नंतर लिहून ठेवले आहे की त्या दिवशी ते फुटायच्या बेतात आले होते. बॅट टाकावी, जाऊन एकाचे दात पाडावेत आणि घरी निघून जावे, असे त्यांच्या मनात आले. पण ते गेले नाहीत. शेवटी एडी स्टँकी उठले. स्टँकी दक्षिणेकडचे राहणारे गोरे खेळाडू, त्यांना पण आधी जॅकी संघात आलेले आवडले नव्हते. ते चॅपमनच्या खेळाडूंवर ओरडले की जो उलट बोलू शकतो त्याच्याशी बोला. त्या दिवसापासून संघ एक व्हायला लागला. चॅपमनला संघ तोडायचा होता आणि त्याने जोडून दिला!

संघाचा पुढारी खेळाडू पी वी रीस पण दक्षिणेकडचा. लोक शिव्या देत असताना तो जॅकींच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला, असे सांगतात. ब्रुकलिनमध्ये त्या दोघांचा तसा पुतळा २००५ साली बसवला आहे.

मारून टाकू अशी पत्रे यायची. चेंडू मुद्दाम अंगावर टाकायचे. फिलाडेल्फियात हॉटेलात खोली दिली नाही. पण जॅकी उलट करायचे ते पायाने. म्हणजे लाथ नव्हे! बेस चोरून. ते बेसवर असे नाचायचे, पुढे येणार, मागे जाणार, की चेंडू टाकणारा गोंधळून जायचा. पहिल्या वर्षी त्यांनी २९ बेस चोरले, त्यांच्या गटात सगळ्यात जास्त. त्या वर्षीचा सर्वांत चांगला नवा खेळाडू म्हणून त्यांची निवड झाली.

मग दार उघडले. जुलै १९४७ मध्ये लॅरी डोबी क्लीव्हलँडच्या संघात आले. पुढच्या वर्षी सॅचेल पेज आले. ते काळ्या संघांतले नावाजलेले चेंडू टाकणारे, पण मोठ्या संघात पहिल्यांदा खेळले तेव्हा त्यांचे वय ४२ झाले होते. आमचे बाबा पण एवढ्या वयाचे नाहीत.

१९४९ साली जॅकींचे वचन संपले. आता ते बोलू लागले. चूक निर्णय दिला तर पंचांशी वाद घालायचे, कोणी बोलले तर ऐकवायचे. तर काही लोक म्हणू लागले की हा आता फार शिरजोर झाला. मला नवल वाटते. गोरे खेळाडू पण वाद घालायचेच की! आजोबांना हा भाग सगळ्यात जास्त आवडला, त्यांनी मला दोनदा वाचायला लावला. आणि त्याच वर्षी जॅकींचा खेळ सगळ्यात चांगला झाला. गटातला पहिला फलंदाज तेच आणि सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यांनाच.

एक राहिले. ब्रुकलिनचा संघ शेवटच्या मोठ्या स्पर्धेत न्यूयॉर्कच्याच यँकीज संघाकडून पाच वेळा हरला होता. १९५५ साली परत तोच संघ समोर. जॅकी तेव्हा ३६ वर्षांचे, केस पांढरे व्हायला लागलेले. पहिल्याच सामन्यात ते तिसऱ्या बेसवरून सुटले आणि घर चोरले. झेलणारे योगी बेरा पंचांपुढे उड्या मारमारून ओरडत होते की बाद आहे. पंचांनी ऐकले नाही. बेरा २०१५ साली वारले, तोपर्यंत ते बाद होता असेच म्हणत होते. तो सामना ब्रुकलिन हरले, पण सात सामन्यांची स्पर्धा ४ विरुद्ध ३ अशी जिंकले. ब्रुकलिनला तो मान पहिल्यांदाच मिळाला.

१९५७ साली जॅकींनी खेळ सोडला आणि एका कॉफीच्या कंपनीत मोठ्या जागेवर काम केले. काळ्या लोकांना हक्क मिळावेत म्हणून ते सभांना जात, पैसे गोळा करत. १९६३ सालच्या वॉशिंग्टनच्या मोठ्या मोर्चात ते मुलांना घेऊन गेले होते. १९६२ साली थोर बेसबॉल खेळाडूंच्या यादीत त्यांचे नाव आले.

त्यांची मुलगी शॅरन यांनी एक गोष्ट लिहिली आहे. त्यांच्या घराजवळ एक तळे होते, थंडीत ते गोठायचे. मुलांना बर्फावर घसरायचे होते. तेव्हा बर्फ पक्का आहे का हे बघायला जॅकी स्वतः हातात काठी घेऊन हळूहळू ठोकत तळ्याच्या मध्यापर्यंत गेले. मुले काठावर उभी. बर्फ फुटला असता तर? त्यांना पोहता येत नव्हते. का येत नव्हते ते वर लिहिले आहे.

त्यांना मधुमेह झाला. डोळे अधू झाले. १९७१ साली त्यांचा मोठा मुलगा मोटारीच्या अपघातात गेला. १५ ऑक्टोबर १९७२ रोजी सिनसिनाटीला मोठ्या सामन्याच्या आधी त्यांचा सत्कार झाला. लोकांना वाटले, आता आभार मानून खाली बसतील. आभार मानले, पण ते असेही बोलले की एखाद्या दिवशी संघ चालवायला काळा माणूस उभा दिसला तर मला जास्त आनंद होईल. कारण खेळायला घेत होते, पण मॅनेजर एकालाही केले नव्हते. त्यानंतर नऊ दिवसांनी, २४ ऑक्टोबर १९७२ रोजी, हृदयविकाराने ते वारले. वय ५३ वर्षे. आमच्या आजोबांपेक्षा कितीतरी कमी.

१९७५ साली क्लीव्हलँडच्या संघाने फ्रँक रॉबिन्सन यांना मॅनेजर केले. मोठ्या संघांतले ते पहिले काळे मॅनेजर. आडनाव एक असले तरी ते नातेवाईक नव्हेत. त्या दिवशी मैदानावर पहिला चेंडू रेचेलबाईंनी टाकला. रेचेलबाईंनी जॅकींच्या नावाने संस्था पण काढली आहे, ती मुलांना शिक्षणासाठी पैसे देते.

१९९७ साली, पहिल्या सामन्याला ५० वर्षे झाली तेव्हा, ठरले की ४२ नंबर आता कोणत्याच मोठ्या संघात कोणाला नव्याने द्यायचा नाही. ज्यांच्याकडे आधीपासून होता त्यांच्याकडे राहिला. त्यांतले शेवटचे मारियानो रिव्हेरा २०१३ साली थांबले. पण २००९ सालापासून दर वर्षी १५ एप्रिलला सगळ्या संघांतले सगळे खेळाडू ४२ नंबरचाच शर्ट घालतात. त्या दिवशी पाठीवरचा आकडा बघून कोण कुठला ते ओळखता येत नाही.

शेजारचे चित्र माझ्या ताईने काढले आहे. टोपीवरचे अक्षर ब्रुकलिनचे आहे. शर्टावरची अक्षरे पण निळी करायची होती, पण निळी पेन्सिल टोपीतच संपली.